डावं वळण

इनासची गाडी माझ्या शेडमध्ये आली
तेव्हा फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी होती,
कडा जळून काळी पडलेली.
हे कुणी केलं म्हटलं, तर हसला.
‘मियाच. आठवड्याक पाच फ्यूज खंयसून हाडू?’

पहाटे चारला तो पाव घेऊन निघतो,
मागे निळं प्लास्टिक बांधलेली टोपली,
सड्यावरून मिठबावात उतरतो.
आणि त्या एकाच वळणावर,
जिथे जांभ्याची दरड कापून रस्ता डावीकडे मुरडतो,
गाडी मरते.
दिवा, हॉर्न, इंजिन, सगळं एकदम,
कुणी तोंडावर हात ठेवावा तसं.
मग टोपलीसकट तो काळोखात घरंगळतो, पाय घासत,
खालून समुद्राचा आवाज येईपर्यंत.

‘उतरताना अडयता, चढताना सोडता.
देवचार आसा थंय. आता रोज एक पाव ठेवतंय दगडार.’
‘मग थांबला का त्रास?’
‘नाय. पण पाव खाता.’

मी काही बोललो नाही.
माझ्या धंद्यात भुताला शॉर्ट म्हणतात
आणि ते नेहमी तांब्याचं असतं.

सीट उतरवली, टाकी उतरवली.
फ्यूजच्या जागी इंडिकेटरचा एक बल्ब जोडला.
शॉर्ट असेल तर तो लख्ख पेटतो,
नसेल तर काजव्याइतका.
एरवी दिवा लागला की काम झालं म्हणायचं,
इथे दिवा लागला की चोर घरात आहे.

काजवाच राहिला.
मागच्या दिव्याची तार हलवली, काजवा.
हॉर्नचा कनेक्टर ओढला, आत हिरवं साठलेलं,
खाऱ्या वाऱ्याचं, आमच्याकडच्या प्रत्येक गाडीत असतं तसं.
घासलं, फुंकलं. काजवा.
रेक्टिफायर काढून बघितला, परत बसवला.
तपकिरी तार बोटांत धरून मागून पुढे आलो,
आई पोरीच्या केसांत ऊ शोधते तसा.
दोन दिवस गेले.
इनास सायकलवरून पाव विकायचा,
जाता जाता दारात थांबून नुसता बघायचा.
दुसऱ्या संध्याकाळी मला वाटायला लागलं,
आपणही एक पाव ठेवून बघावा.

तिसऱ्या दिवशी सातला गावाची लाइट गेली.
हत्यारं चाचपत गोळा केली,
आणि गाडीचा स्विच चालूच आहे हे विसरून
हँडल लॉक करायला डावीकडे ओढलं, पार शेवटपर्यंत.

बल्ब पेटला.

सगळी शेड दिसली: टायर, गेल्या वर्षीचं कॅलेंडर,
माझा हात, हातावरचं ऑइल.
हँडल सरळ केलं. काजवा.
पुन्हा डावीकडे. उजेड.
पाच-सहा वेळा केलं असेल, गरज नसताना.

टाकीखाली, जिथे हँडलची मान फिरते,
तिथे वायरिंगचा जुडगा कुणीतरी चुकीच्या बाजूने नेला होता.
मान पुरती वळली की लोखंडी कड त्याला चावायची.
तपकिरी तारेची साल गेलेली, तांदळाएवढी.
बाकी अख्ख्या गाडीतलं तांबं हिरवं पडलेलं,
तेवढंच घासून घासून नव्यासारखं.
सड्यावरून उतरताना ते एकच वळण
हँडल शेवटपर्यंत मागतं.

डाग दिला, स्लीव्ह चढवली, जुडगा बाजू बदलून बांधला.
इनासला हँडल फिरवून दाखवलं.
त्याने स्वतः दोनदा फिरवलं, म्हणाला, ‘समाजला.’
पैसे दिले, वर सहा पाव.

गेल्या रविवारी मेहुण्याकडे जायचं म्हणून
अंधारातच सड्यावरून निघालो.
वळणावर दगड होता, दगडावर ताजा पाव,
मुंग्या नुकत्याच लागलेल्या.
हँडल पार डावीकडे नेलं. दिवा राहिला.
राहणारच होता, माझी गाडी वेगळी.
खाली आल्यावर लक्षात आलं
की वळणभर मी हॉर्न दाबून धरला होता.